एका बोटानं दाखवा

सोनोग्राफी स्वच्छ. लघवी स्वच्छ.
सीटीच्या फिल्मवर दोन्ही मूत्रपिंडं
दुकानात मांडलेल्या काजूंसारखी नीटनेटकी.
तरी डाव्या कुशीत, बरगडी संपते तिथं,
कुणीतरी तापली सळई टेकवून उभं.

खडाच असणार, म्हणाला शिकलगार, माझा ड्रायव्हर.
त्याच्या मेव्हण्याचा पडला तेव्हा त्यानं तो
होमिओपॅथीच्या बाटलीत घालून
अख्ख्या कात्रज डेपोला दाखवला.
खड्याला इज्जत असते.
रजेच्या अर्जात लिहिता येतो.
‘कुशीत काहीतरी होतंय’ यावर साहेब सही करत नाहीत.

मालननं कुळथाचं कढण लावलं,
शेजारच्या कुंडीतलं पानफुटीचं पान अनशापोटी,
बार्लीचं पाणी बाटलीत, तिकीट मशीनशेजारी.
पाच महिने प्यालो.
प्रत्येक फेरीला मुतारी शोधली
(पुण्यात हे दुखण्यापेक्षा अवघड)
आणि खडा काही पडेना.

तीन डॉक्टर झाले. तिघांनी माझे फोटो पाहिले.
एक म्हणाला, गॅस.
एक म्हणाला, मणका असेल, एमआरआय काढू.
तिसरा फाइल मिटत म्हणाला, टेन्शन घेता का?
घेतो की. सुट्ट्या पैशांचं.

ससूनला, नंबर एकशे सत्तेचाळीस,
पडद्यामागं बारकीशी पोरगी, डॉक्टर गव्हाणे,
रात्रपाळीनं डोळे सुजलेले.
तिनं फाइल उघडलीच नाही.
काका, एका बोटानं दाखवा.
मी तळवा ठेवला.
तळवा नको. एक बोट.

हे कुणी विचारलंच नव्हतं.
चाचपडत गेलो, अंधारात बटण शोधावं तसा,
आणि बोट थांबलं.
तिथंच तिनं दाबलं. मी ओरडलो.
पडद्यापलीकडची बाई हसली.

आता मान नि खांदे उचला, म्हणाली, बोट तसंच ठेवून.
आतलं असतं तर पोट घट्ट झाल्यावर मागं लपलं असतं.
हे पुढं आलं, दुप्पट.
‘दुखणं घरात नाही काका, भिंतीत आहे.’
कापूस फिरवला. एका जागी तो वाळूसारखा लागला.
तेवढ्याभोवती तिनं बॉलपेननं गोल काढला,
जुन्या रुपयाएवढा.

काम काय करता?
कंडक्टर. बावीस वर्षं.
उभे कसे राहता?
सांगता येईना, म्हणून उतरून दाखवलं:
उजवा हात वर, डाव्यात मशीन, पाय फाकलेले,
आणि कूस
आपली आपण जाऊन टेकली टेबलाच्या कडेला.
निळा गोल बरोब्बर कडेवर.
ती काही बोलली नाही. मीही नाही.
बावीस वर्षं तोच सीटचा दांडा,
तेच धनकवडीचं वळण,
आणि दोऱ्याएवढी एक नस,
स्नायूतून वर डोकावते तिथंच चिमटलेली.

बारीक सुईनं गोलात भूल सोडली.
बाहेर बसा. गेलं तर हेच होतं.
राहिलं तर पुन्हा शोधू.
बाकावर घड्याळाकडं बघत बसलो.
नवव्या मिनिटाला गेलं.
महिनोन्महिने राहिलेला पाहुणा
न सांगता उठून गेल्यासारखं
कुशीत रितं रितं झालं.

रात्री थोडं परत आलं. ती म्हणालीच होती,
दोन-तीनदा टोचावं लागेल.

मालन म्हणाली, नस फोटोत दिसत नाही?
नाही.
मग कळलं कसं?
मी बोट वर केलं.
आणि कुळीथ? दोन किलो पडलेत.
कर. चव लागलीय आता.

हल्ली दांड्यापासून वीतभर लांब उभा राहतो.
बालाजीनगरला ब्रेक लागला की भेलकांडतो,
कॉलेजची पोरं ओरडतात, काका, टेका की!
टेकत नाही.
गोल पुसट होत आलाय.
आंघोळीत तेवढ्या जागी
साबण हलकाच लावतो.